सातवं गाणं

फ्रेंच अंमलदार दुकानात शिरून थेट उंच घड्याळापाशी गेला. ॲमस्टरडॅमची घड्याळजी येत्स्के त्यावर वर्षभर खपली होती. त्याच्या पोटातला पितळी रूळ फिरला, की रुळावरचे बारीक खिळे हातोड्या उचलत आणि घंटांवर गाणं वाजे. सात गाण्यांतलं शेवटचं परागंदा डच राजपुत्राचं. देश जिंकल्यावर फ्रेंचांनी त्यावर बंदी घातली होती. “बाई,” अंमलदार गुरगुरला, “त्या गाण्याचे खिळे उपटा, नाहीतर हे धूड चुलीत घालतो.” “उपटते की,” म्हणत तिने त्याच्यादेखत एकेक खिळा काढला. मग गाणं निवडायचा काटा मुद्दाम सातवर ठेवला. बारा वाजले. रूळ फिरला, पण हातोड्या हलल्या नाहीत. त्या शांततेत दारातले अंमलदाराचेच डच शिपाई नकळत बुटांच्या खिळेदार टाचांनी त्या गाण्याचा ठेका धरत होते. येत्स्केने त्याच्यापुढे पक्कड धरली. “माझे खिळे काढून झाले, साहेब. आता यांच्या बुटांचे तुम्ही काढा.”