नवव्या दिवसाची अंघोळ

साखर कारखान्यावरून ऊसतोड करून परतताच मंजुळाच्या पाच वर्षांच्या कौशीला कांजण्या निघाल्या. सासूनं, दगडाबाईनं, दारात लिंबाचा डहाळा खोचला आणि नवव्या दिवशी टँकरचं राखलेलं पाणी घालून नातीला अंघोळ घातली. "अंघोळ झाली, पोर बरी झाली!"

मग त्याच कांजण्यांनी कौशीचा बाप आसाराम अंथरुणाला खिळला. त्याला धाप लागली, तशी मंजुळा म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यात न्यावं का?"

"कावून? लेकराला लागला का दवाखाना? नऊ दिस थांब."

मंजुळानं नवऱ्याच्या अंघोळीला हंडा भरून झाकून ठेवला.

सहाव्या दिवशी भावकीनं तोच हंडा तिरडीशेजारी आसारामच्या अंगावर ओतला.

 

कौशी टाळ्या पिटत आली, "आये, आबा माझ्यापक्षा लवकर बरा झाला!"