चोवीसपर्यंतची मोजणी

"एक!" म्हातारा व्हर्न ओरडला आणि मैदान चिडीचूप झालं.

टेगन आपल्या आडव्या ओंडक्यावर पाय फाकवून उभी होती. पायांत पोलादी जाळीचे मोजे, हातात कुऱ्हाड आणि डोक्यात नुसता जाळ.

"तीन!" पहिल्या गड्याचा घाव पडला. मग पाचवाल्याचा, मग आठवाल्याचा. टास्मानियाच्या या कोपऱ्यात लाकूडतोडीची शर्यत अशीच सुटते. व्हर्न मोजत जातो, ज्याचा आकडा येईल त्यानं घाव घालायचा. गडी जितका तगडा, तितका त्याचा आकडा उशिरा. त्याआधी कुऱ्हाड लाकडाला लागली, की बाद. तोवर बाकीच्यांचे कपचे उडताना गप उभं राहून बघायचं.

टेगनचा आकडा होता चोवीस. गेल्या वर्षी तेरा होता! आणि आकडे ठरवतो कोण? तर रॉस. तिचा सख्खा बाप.

सकाळी येताना गाडीतच वाजलं होतं दोघांचं.

"एकदम चोवीस? पोटच्या मुलीला?"

"ओंडक्याला सख्खं-सावत्र कळत नाही," रॉस रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

"लोकांनी बोट दाखवू नये म्हणून मला बळी देतोयस. तसं सरळ सांग ना!"

त्यानं नुसता गिअर बदलला. रॉस असाच घुम्या. एकेकाळी तोही कुऱ्हाड चालवायचा, पण टेगनच्या जन्माआधीच खांदा निकामी झाला. तेव्हा जिंकलेले सगळे पट्टे त्यानं एका पेटीत कोंबले आणि पेटी माळ्यावर टाकली. घरात तो विषय कुणी काढायचं नाही. टेगनला कुऱ्हाडीला धार लावायला मात्र त्यानंच शिकवलं, तेही निम्मं खुणांनीच.

तिला आज पहिल्या नंबरचा निळा पट्टा हवा होता. या मैदानावरचा तो पट्टा आजवर एकाही बाईच्या खांद्यावर पडला नव्हता. दिवसभर लाकडाच्या गिरणीत राबून रोज संध्याकाळी ती परसात ओंडके फोडायची, ते त्या पट्ट्यासाठी. आणि बापानंच पाचर मारून ठेवलेली.

"पंधरा!" शेजारचा डॅरेल सुटला. शर्यतीआधी तो दात काढून म्हणाला होता, "बापाशी भांडलीस काय गं? तुझा नंबर येईस्तोवर मी एक बिअर मारून येतो." आता त्याचे घाव ओंडक्यात खोल शिरत होते. टेगनच्या मुठी कुऱ्हाडीच्या दांड्यावर ओल्या झाल्या.

"बावीस!"

कुंपणाशी बाकांवर बसलेले म्हातारे एकेक करून उभे राहिले. एकानं डोक्यावरची हॅट काढली. माझी फजिती बघायला उठलेत मेले, टेगनच्या मनात आलं.

"तेवीस!" इथं व्हर्नचा आवाज चिरकला. कुंपणापाशी रॉस एकटाच उभा होता. त्यानं मैदानाकडे पाठ फिरवली. बघवत नसेल, बरं झालं, असं म्हणून टेगननं कुऱ्हाड उचलली.

"चोवीस!"

सगळा राग तिनं त्या लाकडात उतरवला. दोन पावलांच्या मधोमध घाव पडत गेले, तळहाताएवढे कपचे छातीपर्यंत उडाले. अर्धा ओंडका कापून ती गर्रकन वळली आणि दुसऱ्या बाजूला भिडली. तीनवाला मागे पडला. पाचवाला पडला. आठवाला पडला. आता फक्त डॅरेल उरला. दोघांच्या कुऱ्हाडी एकदमच वर गेल्या. डॅरेलचा ओंडका कडाडून दुभंगला. टेगनचा पुढच्या घावाला.

एका घावानं गेला पट्टा.

डॅरेल धापा टाकत तिच्याकडे आला. "बाई आहेस का करवत?" म्हणाला. या खेपेला दात काढले नाहीत. पण टेगनला कुणाचं ऐकायचंच नव्हतं. ती तरातरा बापाकडे निघाली. तेराच ठेवला असतास, तर पट्टा माझा होता, हे त्याला चारचौघांत ऐकवायचं होतं.

वाटेत व्हर्न आडवा आला. त्याचे डोळे भरले होते.

"माफ कर पोरी. मोजताना आवाज फुटला. सवय राहिली नाही गं."

"मोजायची? जन्म गेला की तुमचा त्यात, व्हर्नकाका."

"तेवीसपर्यंत," व्हर्न म्हणाला. "चोवीस तुझ्या बापाचा आकडा. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि माझी मोजणी तेवीसला थांबली. या मैदानावर एकापेक्षा एक गडी येऊन गेले, काहींनी हट्टानं मागितला. रॉसनं तो कुणाला म्हणून दिला नाही."

टेगन जागच्या जागी उभी राहिली. कुंपणाशी म्हातारे अजून उभेच होते, तिच्याकडे बघत. ते फजिती बघायला उठले नव्हते. त्यांच्यापलीकडे रॉस पाठमोरा उभा राहून पालथ्या हातानं डोळे पुसत होता.

ती जवळ गेली, तसा रॉस घसा खाकरून वळला. तिच्या नजरेला नजर देईना.

"हरलेल्याचा आकडा उतरवायचा असतो," तो म्हणाला. "नियम आहे. पुढच्या वर्षी बावीस लावतो तुला."

टेगननं कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"हात तर लावून बघ माझ्या आकड्याला!"