बंद करण्याआधी

"हा काहीच विचारत नाही गं," नवा लॅपटॉप बंद करून आई हिरमुसली.

जुना कॉम्प्युटर परवा कायमचा बंद पडला होता. बाबांनी तो घेतला तेव्हा त्यात दुकानातूनच विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आली होती. सगळे म्हणाले, "आधी विंडोज टाकून घ्या." बाबा ऐकतात कसले! "हे उघडून आत आपले शब्द घालता येतात," म्हणत ते महिनाभर त्याला चिकटून बसले. मग आई कॉम्प्युटर बंद करायला गेली, की स्क्रीनवर प्रश्न यायचा, "मालू, गॅस बघितलास?"

"बघितला हो! आता यंत्राकडूनही छळ!" आई ओरडायची. बाबा गेल्यावर ओरडणं थांबलं, पण रोज संध्याकाळी ती तो चालू करून लगेच बंद करायची.

लॅपटॉपही मी मुद्दाम लिनक्सवालाच आणला होता. जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमधून बाबांची ती ओळ शोधली आणि नव्यात बसवली. "आता बंद कर बघू," मी म्हटलं.

आईने बटण दाबलं.

"मालू, गॅस बघितलास?"

ती चष्मा पुसत उठली आणि खरंच गॅस बघून आली.