उंदराचं बीळ

तिर्झाने फरशीचा दगड उचलला. खाली मातीत खापराचा एक काळा तुकडा होता. तिने थुंकी लावून तो अंगठ्याने चोळला. तो चमकला.

असली चकचकीत काळी भांडी ग्रीसहून यायची, आणि तीही बायबलातल्या दावीद राजानंतर पाचशे वर्षांनी. फरशीखाली जे सापडतं त्याच्याहून फरशी जुनी असू शकत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आणि हा दावीदाच्याच काळचा राजवाडा, असं जगाला ठासून सांगत तर तिर्झा प्राध्यापक झाली होती. तिची पुस्तकं, तिचं नाव, या टेकडीवरचं सगळं उत्खनन या फरशीवर उभं होतं.

बाकीचे सगळे सावलीच्या जाळीखाली न्याहारीला बसले होते. चिरलेल्या काकडीचा वास इथवर येत होता. तिने मूठ मिटली. उंदीर, तिला वाटलं. उंदराने बीळ केलं असेल, वरच्या, नंतरच्या थरातला तुकडा त्यातून खाली घसरला असेल. गुडघ्यांवर बसून ती माती चाचपू लागली.

"काय शोधतेस?"

खड्ड्याच्या काठावर तिचा सहायक उझिएल उभा होता, कॉफीचे दोन पेले घेऊन. एकेकाळी त्यानेही असाच एक अडचणीचा तुकडा उंदराच्या माथी मारला होता. तेव्हा भरसभेत तिर्झा म्हणाली होती, "तुझे उंदीर शिकलेले दिसतात." सभागृह खो खो हसलं होतं. त्यानंतर त्याला कोणी स्वतःचं उत्खनन दिलं नाही.

तिने मूठ उघडली. लपवायचंही बळ उरलं नव्हतं.

उझिएल पेले काठावर ठेवून खाली उतरला. त्याने तुकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. थापीच्या टोकाने माती जराशी टोकरली.

"भुसभुशीत लागतेय," तो हळूच म्हणाला. "बीळ असेल. होतं असं."

तो चेष्टा करत नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

तिने त्याच जागी बोट खुपसून पाहिलं. गेलं नाही. पुन्हा जोर लावला, तर नख मोडलं.

उझिएलने सापडलेल्या तुकड्यांच्या बादलीला बांधायची चिठ्ठी आणि पेन्सिल काढली. "काय लिहू? बिळातला?"

"याल्ला, चला लवकर, अंडी संपतायत," वरून कुणीतरी ओरडलं.

तिर्झाने तुकडा त्याच्यापुढे धरला.

"फरशीखालचा," ती म्हणाली. "आणि पटकन लिही, उझिएल. नाहीतर मला बीळ सापडेल."