बंबाची गोष्ट

"या घरात दारूच्या गोष्टी फार भारी सांगतात म्हणे," मामांची नवी सून म्हणाली. "मला अजून एकही कुणी सांगितली नाही."

तिला बिचारीला काय माहीत! जेवणं आटोपून सगळे टेबलापाशीच रेंगाळले होते. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. थोरल्या मावशीने मिठाची बरणी उगाच इकडची तिकडे केली. वायरमनच्या आईने तर सुनेकडे असं काही पाहिलं, की त्या पोरीला तोंडातली बडीशेप चावावी की गिळावी ते कळेना.

वायरमन, म्हणजे मामांचा भाचा, समोरच बसला होता. नातेवाइकांच्या घरचे सगळे दिवे त्यानेच लावलेले. पिण्यापायी स्वतःच्या घरातही त्याने दिवे लावले, पण ते दुसऱ्या अर्थाने. व्यसनमुक्ती केंद्रातून तो नुकताच परतला होता. आज तो येणार म्हणून आईने आधीच घरोघरी फोन करून बजावलं होतं, बंबाची गोष्ट आता बंद. पिंपाची बंद, सगळ्या बंद. ज्या घरातली पोरं आजीच्या हातभट्टीच्या गोष्टी ऐकत लहानाची मोठी झाली, त्या घरात आज जेवताना पाणीटंचाईवर चर्चा झाली होती.

वायरमनने खुर्ची मागे सारली. "मी निघतो. तुम्ही बसा मोकळेपणानं."

इथून निघाला तर हा घरीच जाईल, गुत्त्यावर नाही, हे आईला कुणी सांगावं? पण थांब म्हणायला तिची जीभ उचलेना. तो दारापर्यंत गेला, चपलांकडे बघत उभा राहिला आणि परत येऊन सुनेच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"वहिनी, मी सांगतो," तो म्हणाला. "आमची आजी न्हाणीघरातल्या बंबात दारू गाळायची. एकदा दोन हवालदार झडतीला आले..."

"तीन!" मामांच्या तोंडून निसटलं, आणि त्यांनी जीभ चावली.

"बरं, तीन. त्यातला एक होता बुटका..."

"बुटका कुठला? ताडमाड होता! चौकटीला डोकं आपटलं त्याचं!"

हे बोलली ती वायरमनची आई. बोलली आणि तिने तोंडावर हातच ठेवला. वायरमन गालातल्या गालात हसला. ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती.

मग काय, गाडी सुटली. मामा हवालदार झाले, मावशी आजी झाली. बंबाखाली जाळ, बंबाला नळी, नळीवर टॉवेल, आणि शेजारी पाटावर तान्ह्या मावशीला मांडीवर घेऊन बसलेली आजी. ती हवालदारांवरच ओरडली, "दार लावा आधी, पोरीला वारं लागेल!" तिघांनी टोप्या काढल्या. ताडमाड हवालदार जाता जाता हळूच म्हणाला, "बाई, जाळ जरा कमी करा, बाळाला चटका बसेल."

सून हसून हसून लाल झाली. "म्हणजे पोलिसांना फसवायला बाळाला तिथे नेलं होतं!"

"तर काय!" मामा म्हणाले.

"नाही रे," मावशी म्हणाली. "पोलीस एकदाच आले. मी रोज असायचे मांडीवर."

"का?" वायरमनने विचारलं.

मावशीने त्याच्या आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली, पण अडवलं नाही.

"तुझ्या आजीनं त्यातला एक थेंब कधी तोंडाला लावला नाही. तळहातावर घ्यायची, चोळायची, वास घ्यायची, झालं. मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, अगं, एवढी गाळलीस, कधी चाखून का नाही बघितलीस? तर म्हणाली, 'नको बाई. मला ती फार आवडली असती.'"

टेबलापाशी कुणी हसलं नाही. गोष्टीतला हा भाग हसण्यासारखा नव्हता, म्हणूनच तो इतकी वर्षं कुणी सांगितला नव्हता.

"धार सुरू झाली की तिला राहवायचं नाही. मग मला उचलून घ्यायची. हात मोकळे राहायला नकोत म्हणून."

वायरमन आपल्या हातांकडे बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं, या घरात असा आपण एकटाच निपजलो.

"आणि तू चालायला लागल्यावर?" त्याने विचारलं.

"मग तुझी आई झाली. ती पळायला लागली, तर हा झाला." मावशीने मामांकडे बोट दाखवलं.

"म्हणजे आम्ही काय बाटलीची बुचं?" मामा ओरडले.

त्यावर जे हसणं उसळलं त्याने शेजारचे खिडकीत आले. सगळ्यात जास्त हसला वायरमन. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते सगळं पाणी काही हसण्याचं नव्हतं. पण आपल्याला ते कळलं असं कुणी दाखवलं नाही.

त्याची आई उठली. स्वतःची खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आली, त्याच्याजवळ बसली आणि त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बुचं तर बुचं," ती म्हणाली. "आता पिंपाची सांग. आणि नीट चुकत सांग."