लपवलेली उशी

आमच्या घड्याळजींना स्वतःच्या सावलीचाही संशय येतो. संगणक चालवणारं लिनक्स अपग्रेड होताना मध्येच अडकलं आणि ‘डिस्क भरली’ असं दिसलं, तेव्हा त्यांनी मेहुण्याला धरलं. लिनक्स त्यानेच बसवलं होतं. “तुझ्या भावाने काहीतरी दडवलंय,” ते बायकोला म्हणाले. ती भाजी निवडत राहिली. एकेक कमांड देत त्यांनी जागा खाणारा चोर शोधलाच: ‘उशी’ नावाचं लपवलेलं फोल्डर. त्यातली एक ध्वनिफीत लावली, तर खिडक्या थरथरल्या आणि भिंतीवरची बंद घड्याळं चालू झाली. आवाज त्यांचाच होता. “मी घोरतो हे सिद्ध कर, जन्मभर बाहेरच्या खोलीत झोपेन,” असं त्यांनीच बायकोला बजावलं होतं. “अपग्रेडला जागा हवी गं,” म्हणत त्यांनी फोल्डर पुसलं. “पुसा खुशाल,” बायको म्हणाली, “भावाकडे प्रत आहे.” आणि तिने त्यांची उशी बाहेर नेली.