राहणारी माणसं दोन

तपासनीस बाई यायची होती परवा, आणि दारात उभी राहिली आज. म्हातारीचा मुलगा त्या क्षणी स्वयंपाकघरात सिंकखालच्या तुंबलेल्या पाइपात हात घालून बसला होता.

"याच भागात होते, म्हटलं तुमचंही उरकून टाकावं," बाई म्हणाली. वयाने लहान होती, बोलायला गोड होती. उत्तरं ती मोबाइलमध्ये भरत होती.

सरकार भाड्याला हातभार लावणार, ते फक्त एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना. कमावता मुलगा घरात सापडला की मदत बंद. तो महिन्यातले किती दिवस कमावतो आणि त्यातलं बापाच्या औषधांवर किती जातं, हे विचारायला त्या नियमाला सवड नव्हती. मदत गेली की घर जाणार. आणि म्हाताऱ्याला आता माणसं ओळखू येत नव्हती, ओळखीच्या उरल्या होत्या या दोन खोल्या. भिंतीला हात लावत तो संडासापर्यंत बरोबर जायचा. दुसऱ्या घरात नेलं असतं तर उंबऱ्यावरच हरवला असता.

म्हातारीने सगळी तयारी केली होती. मुलाचे शर्ट कालच शेजारणीकडे गेले होते, गादी माळ्यावर चढली होती. हलवायचा राहिला होता फक्त मुलगा.

"हे कोण?" बाईने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"प्लंबर." इतकं सफाईदार खोटं आपल्या तोंडून निघेल असं म्हातारीला वाटलं नव्हतं. मग तिला चेवच चढला. "सकाळपासून नुसता वाकून बसलाय. अहो, होतंय का नाही? जमत नसेल तर तसं सांगा, दुसरा बोलावते."

मुलाने मान वर केली. आईने आपल्याला 'अहो' म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. ओठांवर आलेलं हसू त्याने गिळलं. "होतंय, मावशी. आत घाण फार साठलीय."

"घरात राहणारी माणसं किती?" बाईने मोबाइलवर बोट फिरवत विचारलं.

"आम्ही दोघंच."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा. असतो लांब कुठंतरी. वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही."

पाइपावरून पान्हा सटकल्याचा आवाज आला. बाईने हळहळून मान हलवली. "अशी मुलं असून नसून सारखीच हो, आजी."

"हो ना," म्हातारी म्हणाली. ज्याने आज पहाटे उठून बापाची ओली चादर धुतली होती, त्याच्याबद्दल ती हे बोलत होती, आणि तिची जीभ झडली नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारा बाहेर आला. त्याची तिला धास्ती नव्हती. किती महिने झाले, तो मुलाला 'साहेब' म्हणत होता. एकदा तर परका समजून त्याला घराबाहेर जायला सांगितलं होतं. दाढी करून देताना मुलगा रोज विचारायचा, "बाबा, मी कोण?" म्हातारा रोज ओशाळून हसायचा.

आज तो स्वयंपाकघराच्या दारात थबकला. डोळे बारीक करून बघत राहिला. आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"छोट्या! कधी आलास रे? अगं, छोट्या आलाय आणि तू बोलली नाहीस?"

बाईचं बोट थांबलं. "तुमचा मुलगा का हा, आजोबा?"

"ते सगळ्यांनाच छोट्या म्हणतात," म्हातारी घाईघाईने म्हणाली. "काल दूधवाल्यालाही म्हणाले."

म्हाताऱ्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो कसाबसा खाली वाकला आणि मुलाचा घाणीने माखलेला हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सांग की रे यांना, कोण आहेस ते."

मुलाने आईकडे बघितलं. तिने नजर काढून घेतली नाही. मग त्याने हात हळूच सोडवून घेतला.

"काका, मी प्लंबर. पाइप साफ करायला आलोय."

म्हातारा गडबडला. थोडा वेळ मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माफ करा हं. हल्ली माझं असंच होतं." बाईकडे वळून त्याने खुलासाही केला, "चूक झाली माझी. आमचा नाही हा."

बाईचं बोट पुन्हा चालू झालं. "काळजी करू नका, आजी. तुमचं काम होऊन जाईल."

जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि म्हातारीला वाटत होतं, हिने आत्ताच्या आत्ता निघून जावं, घर घेऊन गेली तरी चालेल.

पण बाईला अजून बाथरूम बघायची होती, आणि काम संपलेल्या प्लंबरला थांबायचं काही कारण नव्हतं. मुलाने हात धुतले, पान्हा पिशवीत टाकला आणि तो दाराकडे निघाला. म्हातारा भिंतीला धरत त्याच्यामागे गेला. दारात त्याने आवाज खाली आणला. दोन खोल्यांच्या घरात म्हातारीला तो ऐकू आलाच.

"तुम्ही घरोघरी जाता. आमचा छोट्या कुठं भेटला, तर त्याला म्हणावं, घरी ये. कोणी रागावणार नाही."

"सांगतो, काका."

बाई बघत होती. म्हातारी पुढे झाली आणि तिने दार लावून घेतलं.